ढोलेकाकांचा तक्ता

आर्णीत कोणाच्या पोराचा कॉलेजात नंबर लागला की आधी चौकात फ्लेक्स लागतो, मग ओळखीच्या घरी पेढे जातात आणि त्यानंतरच्या रविवारी नदीकाठच्या महादेवापाशी गोवऱ्यांचा धूर निघतो. फ्लेक्सवर आमचा फारसा भरवसा नाही. वाढदिवसाचा आणि मेडिकलचा फ्लेक्स आमच्याकडे सारख्याच मापाचा असतो. पेढेही कशाचेही निघतात. पण धूर दिसला म्हणजे नंबर खरा, असं सारं गाव धरून चालायचं. त्या धुरामागे नामदेवराव ढोले चिमटा घेऊन उभे असत आणि लेटर पाहिल्याशिवाय ते काडी ओढत नसत.

ढोलेकाका आमच्या घरापासून तिसऱ्या घरी राहायचे. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. कागदोपत्री त्यांनी या तीस वर्षांत एकही प्रयोग केला नाही. पण विज्ञानाचे नवीन सर आले की आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेचं दार आतून लावून काका त्यांना सगळे प्रयोग शिकवत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काही माहीत नसल्यासारखे परीक्षानळ्या पुसत उभे राहत. रिटायर झाले तेव्हा शाळेनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. त्यांनी शाळेकडे मोडीत निघालेली तागडी आणि लांब चिमटा मागितला. तेही मिळालं.

प्रयोगशाळा सुटली तरी काकांमधून ती गेली नाही. भाजीच्या गंजावर ते कधी वाकायचे नाहीत. हातभर लांब उभं राहून तळहातानं वाफ नाकाकडे ओढायचे. एकदा मी झाकण काढून वास घ्यायला गेले, तर म्हणाले, ताई, भांड्यात नाक नाही घालायचं, वास हातानं आणायचा. ते वेळ मिनिटात सांगत नसत, पिरेडमध्ये सांगत. रोडगा भाजायला दोन पिरेड, वांग्याची भाजी दीड पिरेड, बायकांचं गाणं संपायला अर्धा पिरेड. आणि कोणी विचारलं, काकाजी, जमून राह्यलं का, की ठरलेलं उत्तर मिळायचं, "आधी निरीक्षण. अनुमान मांगून." मांगून म्हणजे आमच्याकडे नंतर.

रोडगे आमच्या भागाबाहेर फार कोणी खाल्लेले नसतात, म्हणून सांगते. रवाळ दळलेल्या कणकेच्या जाड पुऱ्या एकीवर एक ठेवून त्यांचा गोळा बांधायचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. वरून राख झटकून फोडायचा, तूप सोडायचं आणि वांग्याच्या तिखट भाजीसोबत पंगतीत बसून खायचा. हे घरी चार माणसांसाठी कोणी करत नाही. हे नवसाला करतात. आणि गेली काही वर्षं आमच्याकडचे निम्मे नवस पोरांच्या नंबराचे आहेत. पूर्वी लोक देवाला मूल मागत, आता मुलाचं कॉलेज मागतात. देवाच्या कामाचं स्वरूप बदललं, रोडगे तेच राहिले.

काका या कामाचं काही घेत नसत. गोवऱ्या त्यांच्या, चिमटा त्यांचा. समोरच्यानं गहू, तूप, वांगी आणायची आणि ॲलॉटमेंट लेटर दाखवायचं. लेटर ते उभ्याने वाचत नसत. चटईवर बसून, चष्मा पुसून, वरच्या सरकारी चिन्हापासून खालच्या टिपांपर्यंत सगळं वाचत. लेटर इंग्रजीत असलं तरी वाचत. मग घरात जाऊन भिंतीवरचा तक्ता पाहून येत. तो त्यांना पाठ होता, तरी पाहून येत.

हा तक्ता म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिक वहीचं एक पान होतं. काकांच्या अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं: सरकारी मेडिकल, एक क्विंटल. आयुर्वेद व दात, साठ किलो. इंजिनिअरिंग, चाळीस. हा चाळीस पुढे खोडून वीस केलेला होता, कारण चाळीस किलोवाले तिघं परत येऊन मोबाइलच्या दुकानात बसले होते. कृषी, पंधरा. फार्मसी, दहा. आणि सगळ्यात खाली एका ओळीत: नर्सिंग, आयटीआय, बी.ए., बी.कॉम., घरी शिरा.

तक्ता कोणी मागितला नव्हता आणि कोणी मंजूर केला नव्हता, पण गाव तो पाळत होतं. कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाला फार्मसी मिळाली तेव्हा ते पन्नास किलो गहू ट्रॅक्टरमध्ये घालून काकांच्या दारात आले. काकांनी तागडी बाहेर काढली, दहा किलो मोजून घेतले आणि उरलेले परत चढवायला लावले. कणीक वाढवून पोरगं डॉक्टर होत नाही, एवढंच बोलले. व्यापारी सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. मग त्यांच्या धाकटीला आयुर्वेद मिळालं आणि ते स्वतः येऊन तक्ता पाहून गेले.

जिनिंगमध्ये कापूस झाडायला जाणाऱ्या शेवंताबाई टेकाम एकदा आल्या. त्यांच्या सुनीलला यवतमाळला बी.ए.ला प्रवेश मिळाला होता. त्यांच्या घरातला कॉलेजात जाणारा तो पहिलाच. बाईंनी पिशवीत पाच किलो गहू आणले होते, निवडून, धुऊन, वाळवून. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, तक्ता दाखवला आणि म्हणाले, घरी शिरा करा, मी येतो. आणि खरंच गेले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले, दोनदा शिरा मागून घेतला, सुनीलच्या डोक्यावर हात ठेवला. शेवंताबाई गहू घेऊन परत गेल्या होत्या त्याबद्दल मात्र त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. मी त्यांना विचारलं की पाच किलोनं काय बिघडलं असतं. ते म्हणाले, "तक्ता म्हणजे तक्ता, ताई. एकाले सोडलं का मंग मेडिकलची काय किंमत राह्यली?"

मेडिकलची किंमत त्यांच्या घरातच ठेवलेली होती. मधल्या खोलीत पत्र्याची एक कोठी होती आणि तिच्यात दरवर्षी नवीन, कडुनिंबाचा पाला घातलेला, बरोबर एक क्विंटल गहू असायचा. तो मयुरीचा. मयुरी त्यांची एकुलती एक, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली. दहावीला ती शाळेत पहिली आली तेव्हा कुसुमकाकूंनी महादेवाला नवस बोलला होता की पोरीचा नंबर लागू दे, क्विंटलभर रोडगे करीन. कोठी त्या आठवड्यातच भरली गेली. जुना गहू खाऊन नवा भरत भरत तीन वर्षं गेली. गल्लीत कोणी कोठी असं म्हणत नव्हतं, मयुरीची कोठी म्हणत.

मेडिकलच्या परीक्षेला मयुरी दोनदा बसली. दोन्ही वेळा मार्क बरे आले, पण सरकारी कॉलेजला बरे पुरत नाहीत. माझं बस स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे कोणाला किती मार्क पडले हे मला आईबापांच्या आधी कळतं. दुसऱ्या निकालानंतर मयुरी एकटीच दुकानात आली आणि म्हणाली, नर्सिंगचा फॉर्म भरा. मी विचारलं, काकांना सांगितलंस का. ती म्हणाली, लेटर आल्यावर दाखवीन, त्यांना लेटरच लागते. बोलण्यात ती बापावर गेलेली आहे. फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरताना तिनं एकदाही मान वर केली नाही, पण शेवटी सबमिटचं बटण मला दाबू दिलं नाही, स्वतः दाबलं. तेव्हा मला कळलं की ही नाइलाजानं आलेली नाही.

तिला यवतमाळच्या सरकारी नर्सिंगला जागा मिळाली. लेटर घेऊन ती घरी गेली आणि काकांसमोर ठेवलं. काकांनी चटई टाकली, चष्मा पुसला, सगळं वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि म्हणाले, बरं झालं. मग आत गेले. भिंतीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले असं काकू सांगतात. बाहेर आले ते रव्याचा डबा घेऊन.

त्या गुरुवारी दुपारी मला शिरा खायला बोलावलं होतं. रवा काकांनी स्वतः भाजला होता, वेलदोडे मोजून टाकले होते, शिरा उत्तम झाला होता. मयुरी समोर ताट घेऊन बसली होती. सोमवारी तिला होस्टेलवर जायचं होतं आणि बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मधल्या दारातून कोठी सरळ दिसत होती. मयुरीनं तिकडे एकदा पाहिलं, शिरा संपवला, चांगला झाला म्हणाली आणि ताट विसळायला घेऊन गेली.

काकूंना राहवलं नाही. "म्या महादेवाले कॉलेजचं नाव नव्हतं सांगतलं," त्या म्हणाल्या. "नंबर लागू दे म्हणलं होतं. लागला."

"तुह्या मनात डॉक्टर होतं."

"माह्या मनात काय होतं ते मले माहीत हाय. डॉक्टर तुमच्या मनात होतं."

काकांनी मला आणखी शिरा वाढला. मला त्या दिवशी त्यांचा राग आला. ज्या माणसानं पन्नास परक्या पोरांसाठी धुरात डोळे लाल करून घेतले, त्याला स्वतःच्या पोरीसाठी एक ओळ खोडता येत नव्हती. मी तसं बोलले नाही, त्यांचा शिरा खाऊन घरी आले. ही माझी त्या आठवड्यातली पहिली चूक.

दुसरी चूक त्याच संध्याकाळी झाली. हिरासिंग राठोड दुकानात आले. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावर त्यांचं घर, कापूस आणि तुरीची शेती. त्यांची पायल मयुरीच्याच वर्गातली, तीही मेडिकलच्या परीक्षेला बसलेली. त्या दिवशी मेडिकलची राज्य गुणवत्ता यादी लागली होती. पायलचं नाव पाहा म्हणाले. आता ही यादी काय असते ते मी सांगते, कारण ते मी त्यांना सांगू शकले नाही. फॉर्म भरलेल्या प्रत्येकाचं नाव या यादीत असतं. पहिल्याचंही असतं, शेवटच्याचंही असतं. जागा कोणाला मिळाली ते पुढे निवड यादीत कळतं. पायलचं नाव कुठेतरी चारशेव्या पानावर होतं. मी पान काढलं. राठोडभाऊंनी वरचं राज्य वाचलं, गुणवत्ता वाचलं, एमबीबीएस वाचलं, खाली लेकीचं नाव वाचलं आणि प्रिंट द्या म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, नाव आहे, पण. त्या पणच्या पुढे मला जाता आलं नाही, कारण त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला. डबा ते घरूनच घेऊन आले होते. पेढा गिळेपर्यंत ते मोटारसायकलवर बसले होते.

दुकान बंद करताना मी दोनदा फोन लावला. तांड्यावर रेंज नसते. मग मला कळंबला माहेरी जायची घाई होती, आणि मनाशी म्हटलं, ढोलेकाका आहेत ना. ते लेटर मागतील, लेटर नसेल, तिथेच उलगडा होईल. त्यांच्या नेमावर विसंबून मी निर्धास्त एसटीत बसले.

पुढचं मला नंतर कळलं. राठोडभाऊ दुकानातून थेट काकांकडे गेले. काकांनी सवयीनं लेटर म्हटलं. भाऊंनी प्रिंट पुढे केली. काकांनी चटई टाकली नाही, चष्मा पुसला नाही. कागद हातात धरून उभ्यानेच विचारलं, कुठून काढली. ताईच्या दुकानातून, भाऊ म्हणाले. मंग बरोबर असन, काका म्हणाले आणि कागद परत दिला. म्हणजे मी त्यांच्या नेमावर विसंबले होते आणि ते माझ्या प्रिंटवर. गहू कुठून आणू, असं भाऊंनी विचारलं, त्यांच्याकडे त्या वेळी पेरलेलंच होतं, साठवलेलं काही नव्हतं. तेव्हा काका म्हणाले, माह्या कोठीतले घेऊन जा, मले आता त्यायचं काही काम नाही. मयुरी तेव्हा ओसरीतच बसलेली होती. कोठी उघडायला काकांना तिनंच हात लावला.

रविवारी सकाळी मी कळंबहून परत आले तेव्हा एसटीच्या खिडकीतून धूर दिसला. कोणाचा नंबर लागला म्हणून कौतुकानं पाहिलं. स्टँडवर उतरले तर समोर फ्लेक्स. पायल राठोड, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे ताजमहालासारखी दिसणारी एक इमारत, खाली भावी डॉक्टर. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर पाहिलं. पहिल्या फेरीची निवड यादी आदल्या संध्याकाळी लागली होती. तीनदा शोधलं. पायलचं नाव नव्हतं.

महादेवापाशी सगळा तांडा लोटला होता, आणि निम्मी आर्णी. सभामंडपात तांड्यावरच्या बायका त्यांच्या गोरबोलीत गाणी म्हणत होत्या. दुसरा एक फ्लेक्स, याहून मोठा, मंडपाच्या खांबांना बांधलेला होता. फेटा बांधणारा आला होता, माइक आला होता, सूत्रसंचालन करणारे सर कागदावर चारोळ्या जुळवत होते. पायल नव्या ड्रेसमध्ये खुर्चीवर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की यादी तिनंही पाहिली आहे. एका बाजूला बायकांच्या घोळक्यात मयुरी कणकेच्या पुऱ्या थापत होती. स्वतःच्या गव्हाच्या.

मी काकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. ते निखाऱ्यातले रोडगे उलटत होते. माझं बोलणं संपेपर्यंत उलटतच राहिले.

"लेटर?" त्यांनी विचारलं.

"नाही. लेटर नव्हतंच, काका. ती नुसती यादी होती, सगळ्यांची नावं असलेली. मी सांगायला हवं होतं."

त्यांनी आणखी चार रोडगे उलटले. मग म्हणाले, "म्या वाचलं नाही. तीस वर्षात पहिल्यांदा न वाचता अनुमान लिहिलं." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण चिमटा त्यांनी खाली ठेवला. भट्टी पेटलेली असताना त्यांनी चिमटा खाली ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

राठोडभाऊंना त्यांनीच सांगितलं, गोवऱ्यांच्या ढिगामागे नेऊन. भाऊ ऐकता ऐकता ढिगावर बसले. उंचापुरा माणूस, डोक्याला पागोटं, पण एकदम लहान दिसायला लागले. लोकं पंगतीले बसून राह्यले काकाजी, आता काय तोंड दाखवू, असं दोन-तीनदा म्हणाले. पोरगी सकाळपासून काही खाऊन नाही राह्यली, आता समजलं काहून ते, असंही म्हणाले. त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटलं. त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. लेकीचं नाव छापलेलं पाहिलं आणि आनंद झाला, एवढाच त्यांचा गुन्हा होता, आणि त्यात माझा अर्धा वाटा होता.

काकांनी हातावरची राख झटकली.

"राठोडभाऊ, गहू कोनाचे?"

"तुमचे."

"कोठी कोनाची?"

"मयुरीची."

"मंग नवस कोनाचा?"

भाऊंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग मोठ्या मुश्किलीनं म्हणाले, "पन पायल?"

"तिचे मांगून करू. तिची यादी सरली नाही अजून."

काका माइककडे गेले. इतक्या वर्षांत ते माइकवर कधी बोलले नव्हते. सूत्रसंचालक सरांना वाटलं ते मीठ कमी आहे वगैरे सांगायला आले आहेत. काकांनी माइक हातभर लांब धरला, वास घ्यायचा असल्यासारखा, त्यामुळे मागच्या लोकांना सरकून पुढे यावं लागलं.

"आज महादेवापाशी जो नवस फिटून राह्यला, तो माह्या घरचा हाय," ते म्हणाले. "मयुरी नामदेव ढोले. सरकारी नर्सिंग, यवतमाळ. एक क्विंटल. राठोडभाऊंनं आपला मंडप आपल्याले देला. पायलची यादी चालू हाय. तिचं अनुमान मांगून."

त्यांच्या मागे फ्लेक्सवर पायल स्टेथोस्कोप घालून हसत होती. लोक एकदा काकांकडे पाहत, एकदा फ्लेक्सकडे. तेवढ्यात खुर्चीवरची पायल उठली, खांबापाशी गेली आणि सुतळी सोडायला लागली. तिची आई धावली, तर पायल आईला म्हणाली, याडी, धर तिकडून, रोडगे ठेवाले कामी येते. दोघींनी फ्लेक्स उतरवला, जमिनीवर पालथा अंथरला आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर भाजलेले रोडगे पडायला लागले. फ्लेक्स चांगला मोठा असल्यामुळे सगळे मावले.

गोंधळ झाला तो एकच. पहिल्या पंगतीत शाळेचे रिटायर हेडमास्तर बसले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "ढोले, तक्त्यात नर्सिंगला शिरा आहे ना?"

"तक्ता चुकला, सर," काका म्हणाले. "इतके वर्षं पोरायच्या वह्या तुमच्याकडून तपासून घेतल्या, हा कागद तेवढा राह्यला."

सरांनी मान डोलावली आणि भाजी वाढा म्हणाले. पण शेवंताबाई टेकाम पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या, त्यांनी जग खाली ठेवला. "मंग माह्या सुनीलचे रोडगे निघतेत काकाजी," त्या शांतपणे म्हणाल्या. भांडायला नव्हे, आठवण द्यावी तशा. काका त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "निघतेत."

फेटा मयुरीला बांधला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेचे होते. ती काकांसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, "बाबा, म्या गुरुवारी शिरा खाल्ला, तो मंग कायचा होता?"

"ती तालीम होती," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर फेटा मध्ये आला, म्हणून खांद्यावर ठेवला. धुरामुळे त्यांचे डोळे नेहमीच लाल असायचे, त्यामुळे बाकीच्यांना काही कळलं नाही. काकूंना कळलं. सूत्रसंचालक सरांकडे चारोळी डॉक्टरसाठीच होती. ती त्यांनी नर्ससाठी म्हटली. एकच शब्द बदलावा लागला.

सोमवारी मयुरी यवतमाळला गेली. डब्यात चार रोडगे होते. तिसऱ्या फेरीत पायलला आयुर्वेद मिळालं. या वेळी राठोडभाऊ लेटर घेऊन आधी माझ्याकडे आले आणि दोनदा वाचून घेतलं. पेढ्यांचा डबा त्यांनी वाचून होईस्तोवर पिशवीतच ठेवला. मग काकांकडे गेले. काकांनीही चटई टाकून ते संपूर्ण वाचलं. पण आत जाऊन तक्ता पाहून आले नाहीत, कारण भिंतीवर आता नुसता खिळा होता. त्यांनी विचारलं, किती माणसं येतीन. त्यानंतर ते सगळ्यांना एवढंच विचारत. कॉलेज कोणतं ते फक्त लेटरमध्ये पाहत.

त्या हिवाळ्यात दर रविवारी धूर दिसायचा. प्रवेश तर कधीच संपले होते, त्यामुळे बाहेरगावच्या लोकांना आश्चर्य वाटायचं. काका जुने फेडत होते. आयटीआयचे केले, बी.कॉम.चे केले, एका मुलीचे नर्सिंगचे केले जिला आता स्वतःची मुलगी झाली होती. पहिला घास तिनं आपल्या मुलीला भरवला. एवढ्या धुरात बसू नका, असं मयुरी फोनवर सांगायची. नर्सिंग शिकत असल्यामुळे ती आता त्यांना फुप्फुसाबद्दलही सांगायची. ते ऐकून घेत आणि गोवऱ्या मोजत. पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ते गेले, खोकला झाला होता, फार दिवस पडून नव्हते.

मी त्यांना शेवटचं कामात पाहिलं ते शेवंताबाईंच्या अंगणात. सुनीलचं बी.ए. तोवर संपलं होतं, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका कारखान्यात तो कामाला लागला होता आणि रविवारची सुट्टी म्हणून घरी आला होता. गहू पाच किलोच होते. शेवंताबाईंनी पुन्हा निवडून, धुऊन, वाळवून आणले होते. शेजारची दहा-बारा माणसं जमली होती. गोवऱ्या रचून झाल्या, काडेपेटी काकांच्या हातात होती, सगळे वाट पाहत होते. काका काही काडी ओढेनात. शेवंताबाई म्हणाल्या, काय राह्यलं काकाजी.

"लेटर," काका म्हणाले.

सगळे हसले. सुनील म्हणाला, काकाजी, आता तर डिग्री झाली. पण शेवंताबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. बी.ए. प्रथम वर्षाच्या प्रवेशाची पावती होती, घड्यांवर फाटत आलेली. काकांनी चटई मागितली. खाली बसले, चष्मा पुसला आणि ती पावती वरच्या कॉलेजच्या नावापासून खालच्या शिक्क्यापर्यंत सगळी वाचली. पालटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग घडी होती तशीच घालून शेवंताबाईंच्या हातात दिली, बरोबर हाय म्हणाले, आणि काडी ओढली.